एकोणतीस सेंटिमीटर

चौकातला सिग्नल लाल होता म्हणून ती फुटपाथच्या कडेला थांबली होती. गाडी येताना तिला दिसली नाही, ऐकू तर आलीच नाही. मान वळवली तेव्हा ती कोटाच्या बाहीपासून हातभर अंतरावर उभी होती. फिक्या हिरव्या रंगाची, चार माणसांनी उचलून बाजूला ठेवावी एवढीशी. ऑफिसात अशा गाडीला सगळे काडेपेटी म्हणत. विजेवरची गाडी आवाज करत नाही याला बावन्न वर्षांच्या बाईने, आणि तीही गाड्या मंजूर करणाऱ्या कचेरीतल्या, दचकू नये. ती दचकली ते आतल्या बाईला पाहून. आतली बाई सीटला पाठ चिकटवून ताठ बसली होती. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, हनुवटी किंचित वर. काचेत आभाळ उतरलं होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पण बसणं ओळखीचं होतं. गाडी चालवणारं माणूस असं बसत नाही. दुसऱ्याच्या घरी गेलेलं, चहा यायची वाट पाहणारं माणूस असं बसतं. सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली, पुढे जाऊन नीट डावीकडे वळली, आणि वळतानाही ते दोन हात पर्सवरच होते. शेजारच्या सीटवर कोणी चालवणारं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण काडेपेटीची आतली रचना तिला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखी पाठ होती. स्टिअरिंग होतं ते त्या बाईच्याच पुढ्यात. मागून कोणीतरी म्हणालं, "चला की बाई, झाला हिरवा," तेव्हा तो हिरवा दुसऱ्यांदा झालेला होता.

कचेरीचे दोन जिने चढताना तिला छातीवर काहीतरी टेकल्यासारखं वाटत होतं. दुखत नव्हतं. दाराशी उभं राहून कोणी तळहाताने "थांबा" म्हणावं तसं. हे दोन आठवडे चाललं होतं, म्हणजे ते पत्र आलं तेव्हापासून. पत्र एका शिक्षिकेच्या नवऱ्याचं होतं. काडेपेटी शाळेच्या फाटकाच्या खांबाला लागली, वेग पायी चालण्याहून थोडा जास्त, गाडीला खरचटलंही नाही नीट. पण एअरबॅग उघडली आणि बाईंचं छातीचं हाड मोडलं. बाईंची उंची एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर. "आता बऱ्या आहेत, पण अजून कुशीवर वळता येत नाही," असं नवऱ्याने शेवटी लिहिलं होतं, आणि खाली कारण नसताना "कळावे" लिहिलं होतं. तिने ते वाचलं, आवक क्रमांक टाकला आणि दुसऱ्या एका जाड फायलीखाली ठेवलं. दडवलं नाही. खाली ठेवलं, इतकंच. माणूस स्वतःशी किती बारीक हिशेबाने बोलतं ते अशा वेळी कळतं.

सूट कक्षात टेबलं दोन, खिडकी एक, आणि खिडकीखाली कचेरीचं अंगण. तिच्या टेबलाखाली एक लाकडी पाट होता. वीस वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणी पाहणार नाही अशा बेताने तिने तो आणला होता. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नसत. कुठल्याच खुर्चीवरून कधी पोचले नव्हते. शाळेच्या बाकावरून नाही, दवाखान्यातल्या बाकड्यावरून नाही, नोकरीच्या मुलाखतीला तीन पुरुषांसमोर बसली त्या खुर्चीवरूनही नाही. आई तिच्याच चणीची होती आणि तिने दोघी मुलींना एकच गोष्ट चोख शिकवली होती: कोणाकडे गेलं की मागे सरकून बसायचं, पाठ ताठ, मांडीवर पिशवी, आणि पाय गुपचूप एकमेकांत अडकवायचे. "हलवायचे नाहीत गं. हलले की लोकांचं लक्ष जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची." धाकट्या बहिणीने हे शिक्षण कधी मनावर घेतलं नाही. ती सरळ पाय झुलवत बसायची आणि पाहुण्यांना विचारायची, तुमच्याकडे छोटी खुर्ची नाही का. थोरलीने मात्र घेतलं. ती इतकी छान बसायला शिकली की नवऱ्यालाही लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, आणि तो हसला, आणि त्या हसण्याबद्दल त्याला तो असेपर्यंत पुरती माफी मिळाली नाही.

टेबलावर फाईल होती. सहा छोटे कारखानदार, सहांची चाचणीतली सूट आज संपणार होती आणि उद्यापासून पुढे चालू राहायला आज तिची सही हवी होती. नियम तसा साधा होता. गाडी बाजारात आणायची तर ती आधी भिंतीवर आपटून दाखवायची, आत माणसाच्या आकाराचे पुतळे बसवून. एकदा मोठ्या पुरुषाचा पुतळा, एकदा लहान चणीच्या बाईचा. खालच्या चाचणीशेडमधली मंडळी मोठ्याला दादा म्हणत आणि लहानीला वहिनी. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. माणूस स्टिअरिंगच्या फार जवळ असेल तर तीच छातीवर बसते, म्हणून वहिनी महत्त्वाची. पण वर्षाला तीनशेहून कमी गाड्या करणाऱ्याने किती गाड्या आपटायच्या? म्हणून त्याला सवलत होती. दादाची चाचणी करा, वहिनीची नको. त्याऐवजी लहान चणीची व्यक्ती प्रत्यक्ष बसवून छातीपासून स्टिअरिंगपर्यंतचं अंतर मोजा, ते पंचवीस सेंटिमीटरच्या वर असलं की झालं. पहिल्या कारखानदाराच्या वेळी ते मोजलं गेलं होतं. एकोणतीस आलं. दुसरा आला तेव्हा त्याची गाडी "तत्सम बांधणीची" ठरली आणि परिच्छेद तसाच उतरवला. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. दरवर्षी तोच परिच्छेद. 'आसनस्थ लहान चणीच्या व्यक्तीच्या छातीपासून सुकाणूचक्रापर्यंतचे अंतर २९ सें.मी. आढळले आहे.' स्टिअरिंगला सुकाणूचक्र म्हणणारी जागा जगात ही एकच. ती व्यक्ती कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा अकराशे गाड्या आता रस्त्यावर होत्या आणि त्या प्रत्येकीत, कागदापुरती का होईना, तीच बसलेली होती.

फोन वाजला. बहीण होती. घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना तपासायचं तिचं काम; बसने जाऊन जाऊन तिच्या पायांचे तुकडे पडत.

"ताई, मिळाली गाडी. आत्ताच ताब्यात घेतली. संध्याकाळी पाचला तुला न्यायला येते. खाली उभी राहा."

"आज? तू तर पुढच्या आठवड्यात म्हणाली होतीस."

"त्यांनी आधी दिली. का गं? तुझा आवाज असा का येतोय?"

"काही नाही. सर्दी आहे."

"आणि ऐक, दुकानदार मला गाडी किती सुरक्षित ते सांगत होता. मी म्हटलं, मला नका सांगू, माझ्या बहिणीच्या हाताखालून गेली आहे ती."

फोन तिने ठेवला. मग सही करायला पेन उघडलं, आणि खिडकीतून खाली नजर गेली. अंगणाच्या टोकाला, शेडच्या आडोशाला, ताडपत्रीखाली पहिली नमुन्याची काडेपेटी चार वर्षं उभी होती. वाऱ्याने ताडपत्री एका बाजूने वर सरकली होती. काचेआड काहीतरी होतं. सीटचा उंच भाग असेल. सीटचा उंच भाग इतका ताठ बसत नाही, असंही तिच्या मनात आलं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि ती खाली गेली.

तो चार वर्षांपूर्वीचा दिवस तिला चांगला आठवत होता, किंवा आठवतो असं ती समजत होती. असाच थंडीचा दिवस, अंगात हाच लांब कोट, जेवणाची वेळ टळत आलेली. कारखानदार स्वतः नमुना घेऊन आला होता. भला माणूस; चाळीस कामगारांची शेड, हाताला तेलाचे डाग, आणि गाडीबद्दल बोलताना लेकीच्या गुणांबद्दल बोलावं तसा चेहरा. लहान चणीची व्यक्ती कुठून आणायची, असा प्रश्न निघाला आणि अंगणातल्या सहा पुरुषांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं. कारखानदाराने दार उघडून धरलं आणि गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान." तो गाडीबद्दल बोलला होता. सगळे हसले, आणि हसताना कोणाची नजर गाडीवर नव्हती. ती बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती. ते कोणी विचारलंही नाही. ती बसली ती आईने शिकवलं तशी. मग मापारीने टेप लावली, आकडा सांगितला, कोणीतरी लिहून घेतला. एवढंच. चूक झाली असेल तर ती मोजणाऱ्याची, असं ती गेले दोन आठवडे स्वतःला समजावत होती, आणि मन काही समजत नव्हतं.

मापारी हे त्याचं कचेरीतलं नाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं. तो शेडमध्ये स्टुलावर बसून पुतळ्याच्या हाताचा सांधा पुसत होता.

"या बाई. आज खाली कशा?"

"वहिनी कुठे असते?"

"वहिनी?" तो हसला. "वहिनी माहेरी. चार वर्षं झाली. मोठ्या कारखान्यांकडे त्यांची त्यांची असते, इथली तुम्हीच पाठवलीत ना." त्याने भिंतीकडच्या लांब लाकडी पेटीकडे मान केली.

झाकण तिने स्वतः उचललं. वहिनी उताणी होती. पिवळट रबराचा चेहरा, त्याला नाक होतं पण डोळे नव्हते, आणि छातीवर खडूने काढलेली एक जुनी खूण. अंगापिंडाने ती इतकी ओळखीची होती की तिला पेटीत वाकून पाहणं हे कोणाच्या तरी न्हाणीघरात डोकावल्यासारखं वाटलं. कमरेखाली पेटी रिकामी होती.

"हिचे पाय?"

"गुडघे दुरुस्तीला गेले होते. परत आले, पण बसवले नाहीत. त्या तिकडच्या खोक्यात असतील. लागतात कोणाला?"

झाकण लावताना पेटीतून रबराचा कोमट वास आला. तिने विचारलं, "ती जुनी गाडी उघडता का? मला बसायचंय." त्याने भिंतीवरची टेप खिशात घातली आणि किल्ली घेतली. त्याने का म्हणून विचारलं नाही, हे तिला नंतर आठवलं.

ताडपत्री काढली. आत कोणी नव्हतं. सीट एकदम मागच्या खाचेत होती. "तुम्ही उतरलात तशीच आहे," मापारी म्हणाला, "नंतर कोणी बसलंच नाही." फोममध्ये एक खळगा होता, आणि ती बसली तेव्हा तो तिला बरोबर झाला; खरं तर चार वर्षांत तो भरून यायला हवा होता. हवा इतकी गार होती की बोलताना वाफ दिसत होती, पण सीट थंड नव्हती. आत्ताच कोणी उठून गेलं असावं इतपत ऊब तिला कोटातूनही लागली. पाठ आपोआप मागे गेली. पर्स मांडीवर आली. हात पर्सवर. समोरच्या काचेत तिला चौकातली बाई दिसली, आणि ती बाई म्हणजे ती स्वतःच होती, अर्थातच. काचेत दुसरं कोण दिसणार. मग तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कोटाचा घोळ गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि खाली पाहिलं. दोन काळे बूट गाडीच्या तळापासून अधांतरी लोंबत होते. पेडल दूर, पार पुढच्या अंधारात, दुसऱ्याच कोणासाठी असल्यासारखे होते.

सीटखालची दांडी ओढली की सीट एकेक खाच पुढे येते. तिने ओढली. एक. दोन. तीन. स्टिअरिंग शांतपणे पुढे येऊ लागलं, म्हणजे तीच जात होती, पण वाटत होतं तसं. पाचव्या खाचेला बुटाचं टोक पेडलला शिवलं. सातव्याला टेकलं. आठव्याला कुठे ते दाबता आलं, आणि तेव्हा स्टिअरिंगचा मधला काळा गोल, ज्याच्या पोटात ती हवेची पिशवी घडी घालून बसलेली असते, तिच्या छातीसमोर इतका जवळ होता की श्वास आत घेतला की अंतर कमी होत होतं. दोन आठवडे जो तळहात छातीला टेकत होता तो इथला होता. तिने हाक मारायच्या आधीच मापारीने खिडकीतून टेप आत घातली.

"सोळा," तो म्हणाला. त्याने ते कुठे लिहिलं नाही. टेप गुंडाळत तो म्हणाला, "बाई, एक सांगू? त्या दिवशी मी विचारलं होतं."

"काय?"

"पाय पोचले का, म्हणून."

तिने मान वर केली नाही.

"तुम्ही म्हणालात, पोचले. मला जरा शंका होती. मी वाकून बघणारही होतो. पण बाईमाणसाचे पाय काय वाकून बघायचे, ते पण सगळ्यांच्या देखत, म्हणून राहिलो. चूक माझीच आहे म्हणा."

त्याने विचारलं होतं. तिला सगळं आठवलं, आणि आठवलं तेही असं की इतके दिवस ते गेलं होतं कुठे याचंच नवल वाटावं. ते हसू अजून अंगणात होतं. कारखानदार दार धरून उभा होता. मापारी खिडकीशी वाकला होता आणि सहज, काम म्हणून, त्याने विचारलं होतं, बाई, पाय पोचले? आणि ज्या चपळाईने ती शाळेत, पाहुण्यांकडे, मुलाखतीत, फोटो काढताना पाय लपवत आली होती त्याच चपळाईने, विचार न करता, किंचित चिडून, ती म्हणाली होती, "पोचले." खोटं बोलते आहे असं तिला त्या क्षणी वाटलंच नव्हतं. तिची ती सवय होती. त्या एका शब्दावर एकोणतीस उभं होतं, एकोणतिसावर सहा कारखाने उभे होते, अकराशे गाड्या उभ्या होत्या, शाळेच्या फाटकाशी एक बाई उभी होती जिला कुशीवर वळता येत नव्हतं. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि गंमत म्हणजे लाज अजून पायांचीच जास्त वाटत होती.

"तुमची नाही चूक," ती म्हणाली, पण गाडीतून उतरेपर्यंत मापारी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडवण्यात गुंतला होता. त्याने ऐकलं की नाही ते कळलं नाही.

ती फाईल घेऊन साहेबाच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याने फाईल उघडली, बोट परिच्छेदावर ठेवलं, आणि तिचं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तिने जेवढं सांगितलं तेवढं.

"आकडा चुकलाय म्हणता. चार वर्षं बरोबर होता, आजच कसा चुकला?"

"तेव्हापासूनच चुकीचा आहे, साहेब."

"कशावरून?"

"मला वाटतं, मोजताना... बसणारी व्यक्ती नीट बसली नव्हती."

"वाटतं यावर फाईल चालत नाही, बाई." तो आवाज न चढवता बोलत होता. "मी सूट थांबवली तर उद्यापासून सहा शेडना कुलूप. त्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतील. थांबवायला माझी ना नाही. शिक्षिकेच्या नवऱ्याचं पत्र मीही वाचलंय. तुम्ही ते खाली ठेवलं होतं, मी वर काढलं."

तिची कानशिलं तापल्यासारखी झाली.

"पण मला कारण लागेल. कोण बसलं होतं, कसं बसलं होतं, काय चुकलं. नावानिशी, सहीनिशी. तसं लिहून देणारं कोणी असेल तर आजच आणा. नाहीतर हा कागद आहेच." त्याने टंकलेला कागद तिच्याकडे सरकवला. "पाचनंतर मी अर्धा तास आहे."

कोण बसलं होतं हे साहेबाला माहीत होतं. अंगणातल्या सहा पुरुषांत तोही होता. तोही हसला होता, बहुतेक. ती कागद घेऊन जागेवर आली आणि पाटावर पाय ठेवून बसून राहिली. सही केली तर काय होतं? काही नाही. चार वर्षं काही झालं नव्हतं, एक हाड सोडून. बहिणीला सांगता येईल, गाडी परत कर. बहीण कारण विचारील. तिला काहीतरी सांगता येईल. रंग चांगला नाही, बॅटरी टिकत नाही. बहीण वाचली की झालं. उरलेल्या अकराशे जणींपैकी किती बुटक्या असणार? आणि आपण तरी त्या प्रत्येकीला ओळखतो थोड्याच? हा विचार तिने पुरा केला आणि मग खोलीत गाडीच्या आतला वास आला, नव्या प्लॅस्टिकचा आणि कोमट रबराचा. समोरच्या टेबलामागची रिकामी खुर्ची तिच्याकडे तोंड करून होती. त्या खुर्चीवर कोणी नव्हतं. तरी कोणीतरी पाय एकमेकांत अडकवून, न हलवता, फार शिस्तीने वाट पाहत बसलं आहे हे तिला कळत होतं, आणि मान वर करून खात्री करायची तिची छाती झाली नाही. पाचला पाच कमी असताना ती पर्स घेऊन खाली गेली. कागद टेबलावरच होता, सही न केलेला.

गाडी आली तेव्हा रस्त्याकडेच पाहत असूनही तिला ती येताना दिसली नाही. आधी रस्ता होता, मग रस्त्यावर गाडी होती. दार उघडून बहीण आतूनच म्हणाली, "बस ना. अशी काय बघतेस भुतासारखी?" ती शेजारच्या सीटवर बसली. बहिणीने पाठीमागे घरातली जाड उशी घेतली होती. सीट सगळ्यात पुढच्या खाचेत होती. स्टिअरिंग तिच्या स्वेटरच्या बटणांना जवळजवळ लागत होतं आणि ती त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती, आनंदाने.

"बघ," ती म्हणाली आणि खाली बोट दाखवलं. "पोचतात. उशी घेतली की झकास पोचतात. आई असती तर बसवून फिरवली असती तिला. तिचेही पोचले असते." तिने पेडलवर पाय दाबून दाखवला, पाय झुलवणारी तीच बहीण, पन्नाशीला टेकलेली.

ताईने उजवा हात पुढे केला, अंगठा स्टिअरिंगच्या काळ्या गोलावर टेकवला आणि करंगळी ताणून बहिणीच्या छातीकडे नेली. लहानपणी दोघी अशाच विती मोजून घरातली प्रत्येक वस्तू मोजत. तिची वीत लहान होती, सगळ्यांत लहान, बहिणीएवढीच. ती तिथे मावली नाही. बोटं मिटून घ्यावी लागली, तेव्हा कुठे हात त्या दोघांमध्ये बसला. करंगळीच्या मागे बहिणीचं हृदय शांतपणे, कसलीही शंका न घेता चालू होतं.

"काय करतेस गं?"

"माप घेतेय."

"कसलं?"

"तू खाली उतर आधी."

"ताई, आत्ता तर आले मी..."

"उतर म्हणते ना. किल्ली मला दे. चालत जाऊ आपण. मला वर दहा मिनिटांचं काम आहे, मग सांगते सगळं. रागावशील, पण सांगते."

बहिणीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच वाद न घालता ती उतरली.

दोन जिने चढून ती जागेवर आली. साहेबाच्या खोलीत दिवा होता. टंकलेला कागद तिने बाजूला सारला, कोरा घेतला. मग वाकून टेबलाखालचा पाट ओढून काढला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. खुर्चीत बसताना तिने खिडकीतून खाली पाहिलं. बहीण फाटकापाशी उभी होती, हाताची घडी घालून, वर बघत. गाडी तिच्यापासून चार पावलांवर होती, बंद, किल्ली इथे टेबलावर. आणि गाडीत ती बाई बसलेली होती. पाठ सीटला चिकटलेली, मांडीवर पर्स, पर्सवर हात, हनुवटी वर. ती कुठे जाणार नव्हती. कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारेल याची ती वाट पाहत होती, आणि हिला वाटलं होतं तेवढी भीती तिला पाहून वाटली नाही, कीव आली. इतकी वर्षं बिचारी न हलता बसली होती. समोरच्या दारातून कोणीतरी डोकावून दिवे मालवायची वेळ झाली का ते पाहून गेलं. तिचे पाय जमिनीच्या वीतभर वर होते आणि ज्याला पाहायचे त्याला ते दिसत होते.

तिने वरच्या कोपऱ्यात तारीख घातली, खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि मग मधल्या मोकळ्या जागेत, मापारीने चार वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. 'मोजमापाच्या वेळी आसनावर मी बसले होते. माझे पाय पोचत नव्हते.'